पाझर : स्वच्छ

धरण म्हणावं असं ते मोठं नाही.
दहिवडीहून येणाऱ्या एसटीतून बघितलं
तर लांबलेली टेकडीच वाटते, वर कुसळी गवत,
गवतात कुणाची तरी दोन मेंढरं.
पण आमच्या वाडीत दिशा दोनच:
धरणाच्या वरची आणि धरणाच्या खालची.

पोटात काळ्या मातीची पडदी आहे.
माणसांनी आणि रेड्यांनी ती पायांनी तुडवली,
चिखलाची कणीक होईस्तोवर.
अंगावर मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडांचं अस्तर,
सिमेंटचा कण नाही.
पाय कुणाकुणाचे, त्याची नोंद नाही.
नोंद आहे ती पातळीची. आणि पाझराची.

माझा बाप, गजाबा मदने, मोरीवरचा पाटकरी.
चाकाला वंगण, चाऱ्यांच्या पाळ्या,
पाणी आधी शेपटाच्या रानाला, मग तोंडाच्या.
यावरून त्यानं दोनदा मार खाल्ला
आणि पाळी बदलली नाही.
ते दिवसाचं काम. पहाटेचं निराळं.
भरावाच्या पायथ्याशी, उंबराच्या अलीकडं,
करंगळीएवढी धार गळायची.
तिच्याखाली चहाचा काचेचा ग्लास धरायचा,
उगवतीकडं उचलायचा, एक डोळा मिटायचा.
नितळ असलं तर वहीत ‘स्वच्छ’
आणि त्याच ग्लासात चहा.

‘गळतंय ते गळू दे,’ म्हणायचा,
‘गळतंय म्हून खालच्या सात हिरी जित्या हायत.
पाणी जाऊ दे.
पाण्यासंगं माती जाया नगं.’

मी तेव्हा नववीत. नाव नकुसा.
शाळेनं पुढं बदलून दिलं, घरात तेच राहिलं.

परतीच्या पावसाची तिसरी रात्र.
सांडवा हातभर वाहत होता.
बॅटरीपुढं ग्लास धरला
आणि ग्लासात ताक.
बाप काही बोलला नाही. वास घेतला.
मग म्हणाला, ‘काळ्या मातीचा हाय. पोटातला.’

वाडी जागी झाली.
आनंदा लोखंडे ट्रॉलीभर चिकणमाती घेऊन आला,
‘बुजवा भोक!’ सगळ्यांचा एकच आवाज.
बाप धारेसमोर फतकल मारून बसला.
‘बुजवलं तर पाणी दुसरी वाट काढंल,
आन् ती आपल्याला दिसायची न्हाई.’
त्यानं मागितलं ते लोकांना उलटंच वाटलं:
वाळू. देवळाच्या बांधकामाची, चाळलेली.
तिच्यावर बारीक खडी, खडीवर गोटे.
पोत्यांतून, घमेल्यांतून, बायकांच्या ओच्यांतून
ते सगळं खाली आलं.
आम्ही गुडघाभर गारठ्यात, धरण डोक्यावर.
आत किती पाणी आहे ते मला पाठ होतं.
त्या रात्री पाठ नसतं तर बरं झालं असतं.

पहाटेपर्यंत धार थांबली नाही.
थांबवायची नव्हतीच.
चौथ्या ग्लासाला ताक पातळ झालं,
अकराव्याला काचेपलीकडची बोटं दिसली,
बापाची, चिखलानं भरलेली.

आता वही माझ्याकडं आहे. पगार नाही,
पाटकऱ्याची जागा रद्द होऊन बारा वर्षं झाली.
परवा साहेब आले, तरुण, उन्हानं लाल झालेले.
म्हणाले, मावशी, ही गळती काढून टाकू,
अंदाजपत्रकात बसते.
मी ग्लास विसळला, धारेखाली भरला,
उजेडात धरा म्हणून त्यांच्या हातात दिला.
त्यांना वाटलं, पिण्यासाठी. प्यायले.
गोड आहे, म्हणाले.

ते लिहायला वहीत रकाना नाही.
मी लिहिलं: पातळी अकरा फूट चार इंच.
पाझर स्वच्छ.
मग भरावावर गेले.
दोन बाभळी उगवल्यात, वीतभर.
मुळं पोटात उतरायच्या आत उपटायला हव्यात,
माती ओली आहे तोवर सोपं जातं.